सतरा गाणी आणि त्यांचा क्रम

रॉक ऐकणाऱ्या लोकांत एक समज घट्ट बसलाय, की ग्रेटेस्ट हिट्स, म्हणजे बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह, ऐकतो तो कच्चा. पक्का माणूस बँडचे आख्खे अल्बम ऐकतो, एकेक करून, सालं बघून, आणि हिट्सची कॅसेट म्हणजे कंपनीने ख्रिसमसच्या खरेदीसाठी बांधलेलं गाठोडं. पणजीत एका ओळखीच्या माणसाने मला परवा हे परत ऐकवलं, चांगला गिटार वाजवतो तो, त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण या बाबतीत त्याचं मला अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते नीट लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

तर क्वीन, तो ब्रिटिश रॉक बँड. त्यांचा १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम आहे, आणि मी अल्बम हा शब्द मुद्दाम वापरतोय.

आधी माहिती सांगून टाकतो. ऑक्टोबर १९८१ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने ब्रिटनमध्ये काढला, सतरा गाणी, कव्हरवर चौघांचा फोटो, तो लॉर्ड स्नोडनने काढलेला. त्याच सुमारास ‘ग्रेटेस्ट फ्लिक्स’ नावाने गाण्यांच्या व्हिडिओंचा संग्रहही आला. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच, बीटल्सचा कुठलाही नाही. २०२२ मध्ये तिथे त्याच्या ७० लाख प्रती झाल्याचं जाहीर झालं, तिथवर पोचलेला तो पहिलाच. खप झाला म्हणजे चांगलं असं मी म्हणणार नाही, पण इतकी वर्षं लोक एकच यादी त्याच क्रमाने विकत घेतायत तर त्या क्रमात काहीतरी असणार, एवढा तरी विचार करायला हवा ना.

आमच्याकडे गोव्यात ही गाणी पोचली कशी, हे इथे महत्त्वाचं आहे. मी म्हापशाजवळच्या वाड्यावर वाढलो. घरात बोलणं अर्धं कोकणी अर्धं मराठी, पण वाचन मराठी, भजन मराठी, आणि नाटक तर मराठीच, बोडगेश्वराच्या जत्रेतल्या नाटकाला पुढची जागा मिळावी म्हणून आम्ही पोरं संध्याकाळीच जाऊन बसायचो. शेजारच्या घरातले अंकल तारवटी होते, म्हणजे बोटीवर. ज्यांना गोवा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे प्रत्येक गावात दोनचार घरं तरी तारवट्यांची असतात, आणि ऐंशीच्या दशकात परदेशी संगीत गावात यायचा मुख्य रस्ता म्हणजे त्यांची पेटी. साबण, चॉकलेटं, सेंट आणि कॅसेट. कुठल्या बँडचा कुठला अल्बम आधी आला, कुठला नंतर, हे त्या पेटीत बसत नव्हतं. बंदरावरच्या दुकानात उतरल्यावर माणूस पटकन काय उचलणार? ज्यात सगळी गाणी आहेत ते. त्यामुळे आमच्या वाड्यावर क्वीन आले ते एकाच कॅसेटमधून आले, आणि कितीतरी वर्षं क्वीन म्हणजे तेवढंच होतं.

त्या कॅसेटची कॉपी आमच्याकडे आली, अंकलच्या थोरल्या मुलाने डबल डेकवर करून दिलेली. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. हा अल्बम तासाला जेमतेम कमी आहे, दोन्ही बाजू साधारण एकोणतीस एकोणतीस मिनिटांच्या. म्हणजे साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर तो चपखल बसतो, एकही गाणं मधेच तुटत नाही, शेवटी मिनिटभर शांत पट्टी आणि मग खटकन बटण वर. एलपीवर उलट ही लांबी जड जाते, एका बाजूवर वीसबावीस मिनिटं असली की खोबणी ऐसपैस कापता येतात, एकोणतीस मिनिटं भरायची तर त्या बारीक आणि जवळजवळ कराव्या लागतात आणि आवाज थोडा दबतो. त्यामुळे मी तर म्हणेन या अल्बमचं खरं घर कॅसेटच. तेव्हा गोव्यात कॅसेट हेच सगळ्यांचं साधन होतं, १९८४ मध्ये रेमो फर्नांडिसने ‘गोअन क्रेझी’ घरीच रेकॉर्ड केला, वाद्यं बहुतेक सगळी स्वतःच वाजवली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेट पोचवल्या, ते दिवस.

आता क्रमाकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं क्रमाबद्दलच आहे.

‘बोहेमियन रॅप्सडी’ मूळ अल्बमात, म्हणजे १९७५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’त, अगदी शेवटाकडे येतं, त्याच्यानंतर फक्त ब्रिटिश राष्ट्रगीताची गिटारवर वाजवलेली छोटी धून. आणि ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ ही जोडी १९७७ च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मध्ये सुरुवातीलाच आहे, पहिलं आणि दुसरं गाणं. ग्रेटेस्ट हिट्समध्ये हे बरोबर उलटं केलंय. शेवटचं पहिलं आणलं, पहिलं शेवटाला नेलं. ज्याने कोणी ही यादी लावली त्याला मैफल कशी बांधायची ते कळत होतं. आपल्याकडे गवई बसला की आधी बडा ख्याल मांडतो, लोक ताजे आहेत, कान मोकळे आहेत, तेव्हाच सगळ्यात मोठी गोष्ट समोर ठेवायची, मग हळूहळू लहान, हलक्या, गमतीच्या चिजा, आणि उठायच्या आधी भैरवी, जिच्यानंतर कोणी काही गायचं नाही. ‘वी आर द चॅम्पियन्स’ ही या कॅसेटची भैरवी आहे. न्यूज ऑफ द वर्ल्ड मी पुष्कळ नंतर ऐकला तेव्हा ते गाणं दुसऱ्याच नंबरला संपलं आणि पुढे आणखी गाणी सुरू झाली, तेव्हा मला ते इतकं विचित्र वाटलं, अजूनही वाटतं.

आणि मधले जोड बघा. सहा मिनिटांचं ते बोहेमियन, त्यात पियानो, ऑपेरा, दणदणीत गिटार सगळं होऊन शेवटी घंटेचा टोला, आणि लगेच पुढे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’, जॉन डीकनची एकटी बेस गिटार, बाकी सगळं रिकामं. एक १९७५ चं, दुसरं १९८० चं. एक आवाजांनी गच्च भरलेलं, दुसऱ्यात जागाच जागा. पाच वर्षांत हा बँड किती बदलला हे लेखात वाचून जेवढं कळेल त्याहून जास्त त्या दोन सेकंदांच्या शांततेत कळतं, कारण कानाला एकदम गार वारा लागल्यासारखं होतं. ज्याने अल्बम ओळीने ऐकले त्याला हा धक्का कधी मिळतच नाही, त्याच्या दृष्टीने बँड सावकाश बदलत गेला.

‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ आणि ‘बायसिकल रेस’चं तर आणखी छान आहे. ही दोन गाणी एकमेकांकडे बोट दाखवतात, पहिल्यात सायकलींवर बसा आणि निघा अशी हाक आहे आणि दुसऱ्यात त्या पोरी आज सायकली चालवणार असं म्हटलंय. १९७८ मध्ये सिंगल म्हणून ती एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर आली. पण ‘जॅझ’ या मूळ अल्बमात त्यांच्या मधे भलतंच तिसरं गाणं घातलंय. ग्रेटेस्ट हिट्सने त्यांना परत शेजारी बसवलं, एक संपलं की दुसरं, आणि मग एकाने विचारलेलं दुसऱ्याने ऐकल्यासारखं वाटतं. (पहिलं गाणं मूळपेक्षा कापून छोटं केलंय, सिंगलसाठी कापलेलंच इथे घेतलंय, पण जोड जमण्यासाठी तेवढं मी मान्य करतो.)

दुसऱ्या बाजूचा शेवट माझा सगळ्यात लाडका. ‘सेव्हन सीज ऑफ राय’, त्यांचं पहिलं हिट, १९७४ चं. यादीतलं हे बहुतेक सगळ्यात जुनं गाणं आणि ते ठेवलंय पंधराव्या नंबरला. त्याच्या शेवटी काय होतं, बँड थांबतो आणि माणसांचा घोळका एक जुनं इंग्रजी समुद्रकिनाऱ्याचं गाणं गातोय असं ऐकू येतं, सहलीला गेल्यावर गातात तसं, आणि ते विरत जातं. मूळ ‘क्वीन टू’ अल्बम तिथेच संपतो. इथे मात्र तो घोळका विरतो न विरतो तोच ‘वी विल रॉक यू’, धप धप टाळी, धप धप टाळी. आणखी एक घोळका, पण हा पाय आपटणारा. त्या गाण्यात ड्रम नाहीत बरं का, बेसही नाही, लाकडावर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून त्यावर परत परत तेच चढवून ते केलंय, गिटार येते ती अगदी शेवटी. बँडचा गिटारवाला ब्रायन मे, त्याने ते लिहिलं कारण १९७७ च्या एका कार्यक्रमानंतर लोक जायलाच तयार नव्हते आणि आपसूक गायला लागले, तेव्हा त्याला वाटलं की लोकांना करता येईल असं काहीतरी आपण द्यावं, आणि खुर्च्यांमधे दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसाला काय करता येतं, तर पाय आणि टाळी. म्हणजे समुद्रावर गाणारे लोक आणि मग स्टेडियममधले लोक आणि मग सगळ्यांनी मिळून म्हणायची भैरवी. हे तीन गाण्यांचं सलग नाटक दुसऱ्या कुठल्याच अल्बमात नाही, फक्त या हिट्समध्ये आहे.

आवाजांबद्दल थोडं लांबण लावणार आहे, माफ करा, पण ते माझ्यासाठी फार मोठं होतं.

आमच्या भजनात सगळे एकच ओळ एकाच सुरात म्हणतात. बुवा सांगतो, मागचे उचलतात, कोणी वरच्या सप्तकात जातो कोणी खालच्या, पण चाल एकच. ती ताकद वेगळी आहे आणि ती मला आजही तेवढीच प्रिय आहे. पण ‘समबडी टू लव्ह’ ऐकताना मला कळेचना की हे काय चाललंय, इतकी माणसं गातायत आणि प्रत्येक जण वेगळं गातोय तरी भांडण होत नाही. शेजारची मोठी मुलगी चर्चच्या कॉयरमध्ये गायची. तिने मला व्हरांड्यात बसवलं आणि म्हणाली, तू हा एक सूर धर आणि सोडू नको, काय झालं तरी सोडू नको. मी धरला. तिने त्याच्यावर दुसरा धरला आणि माझ्या सुराचा रंगच बदलला, मी काहीच केलं नव्हतं, मी तिथेच होतो. मग ती तिसऱ्या सुरावर गेली तर परत माझा सूर वेगळा. हार्मनी म्हणजे काय हे मला तेव्हा समजलं, आणि मग मी परत जाऊन ते गाणं लावलं.

त्या गाण्यातला तो आख्खा गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या धाटणीचा, कॉयर तिघांचा आहे, मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर, परत परत स्वतःवरच गाऊन भरत नेलेला. ‘बोहेमियन’च्या मधल्या भागात तर तेच तिघं दिवसचे दिवस आवाजावर आवाज चढवत होते, टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की ती झिजून उजेडात आरपार दिसायला लागली असं मे सांगतो. आणि हे सगळं ऐकायला गोव्यातला शेजार लाभला हे माझं नशीबच. पोर्तुगीज काळापासून इथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेजो, म्हणजे सुरांची नावं घेत गाणं, आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेमात सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर गेले आणि गाण्याच्या मागे वेगवेगळ्या सुरांच्या ओळी लिहायला लागले. बाबा जी जुनी हिंदी गाणी जिवापाड ऐकायचे त्यांच्या मागची व्हायोलिनं आणि शेजारच्या व्हरांड्यातला तो सूर एकाच घरचे होते. क्वीनमुळे मला बाबांची गाणी नीट ऐकू यायला लागली, असं म्हटलं तर लोकांना ते उलटंसुलटं वाटेल, पण तसंच झालं.

बरं, आता त्या ‘कच्चा श्रोता’वाल्या मुद्द्याकडे. मराठी माणसाने तरी हे बोलू नये असं मला वाटतं. आपलं नाट्यसंगीत काय आहे? ‘सौभद्र’ १८८२ चं, ‘मानापमान’ १९११ चं. त्यातली पदं आज महाराष्ट्रात आणि गोव्यात लाखो लोकांना पाठ आहेत. त्यातल्या किती जणांनी ती नाटकं रात्रभर बसून पूर्ण बघितलीत? पद कुठल्या अंकातलं, कोणाच्या तोंडचं, त्याच्या आधी काय प्रसंग झाला, हे न कळताही माणसं ते पद ऐकून रडतात. मैफिलीत गायक एका नाटकातलं एक, दुसऱ्यातलं दुसरं असं उचलून आपला क्रम लावतो, आणि तो क्रम चांगला जमला तर ती संध्याकाळ स्वतंत्र कलाकृती होते. आमच्या गोव्यात तर हे रक्तातच आहे, दीनानाथ मंगेशकर इथल्या मंगेशीचे, १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी उभी राहिली त्यात ते होते, आणि त्यांची पदं देवळाच्या सभामंडपात अजून म्हटली जातात, नाटकाशिवाय, पडद्याशिवाय. तिथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी जाऊन म्हणेल का की तुम्ही कच्चे, आधी पाच अंक बघून या?

निवडणं आणि लावणं हेही काम आहे. ते नीट केलं की जे हाताशी येतं ते आधी नव्हतं.

आता यात काय राहिलं तेही सांगायला पाहिजे, कारण राहिलंच आहे. रॉजर टेलरचं एकही गाणं या सतरात नाही. बहुतेक गाणी मर्क्युरीची, काही मेची, दोन डीकनची, टेलरचं शून्य, कारण तोवर त्याचं गाणं हिट म्हणून गाजलं नव्हतं, ‘रेडिओ गागा’ नंतरचं, ते दुसऱ्या भागात आलं. त्यामुळे आम्हाला बरीच वर्षं तो फक्त ड्रम वाजवणारा सोनेरी केसांचा मुलगा वाटायचा. पण ‘बोहेमियन’मध्ये सगळ्यात वर जाऊन जो आवाज काच फुटेल असा ताणला जातो तो त्याचाच. आणि त्या गाण्याच्या सिंगलच्या मागच्या बाजूला त्याचं मोटारीवरचं गाणं होतं, म्हणजे जितके ‘बोहेमियन’ खपले तितकंच ते खपलं. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ नाही, ‘थर्टी नाइन’ नाही, याचंही मला वाईट वाटतं, ती मी नंतर शोधून ऐकली. हिट्स ऐकणारा तिथेच थांबतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं, दार उघडं असलं की माणूस आत जातोच.

फ्रेडीबद्दल आपल्याकडे पाचगणीचं फार बोललं जातं आणि मला ते आवडतं. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, फरोख बलसारा, आठदहा वर्षांचा असताना सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये आला, तिथे पियानो शिकला, तिथेच पोरांचा ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड केला. १९६४ मध्ये झांझिबारमधल्या उठावामुळे घरचे इंग्लंडला गेले. तो ‘आपला’ वगैरे होत नाही, त्याने स्वतः कधी तसं म्हटलं नाही आणि आपणही ओढून आणू नये. पण टेबललँडच्या धुक्यात, आईबापांपासून समुद्रापलीकडे, एक मुलगा संध्याकाळी पियानोवर बसलाय हे चित्र डोळ्यासमोर असलं की ‘बोहेमियन’मधली ती आईला मारलेली हाक मला वेगळी ऐकू येते. ते गाणं त्याबद्दल आहे असं मी म्हणत नाही. मला तसं ऐकू येतं, एवढंच.

दुसरा भाग, ‘ग्रेटेस्ट हिट्स टू’, ऑक्टोबर १९९१ च्या शेवटी आला आणि २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. त्याच्याबद्दल मी आज लिहीत नाही, त्याला वेगळा दिवस पाहिजे.

गोव्यात ही गाणी आता सगळीकडे आहेत. लग्नाच्या रिसेप्शनला बँडवाला ‘क्रेझी लिटल थिंग’ सुरू करतो आणि सत्तरीच्या आंटी अंकलचा हात धरून मधे येतात, कारण ते जुन्या रॉक अँड रोलच्या चालीवर आहे आणि पायांना ते आधीपासून माहिती आहे. गावातल्या फुटबॉलच्या फायनलला कप देताना स्पीकरवर ‘चॅम्पियन्स’ लागतंच. त्या वेळी हरलेली टीम बाजूला बूट काढत बसलेली असते, आणि मी नेहमी त्यांच्याकडे बघतो, कारण ते गाणं नीट ऐकलं तर त्यातला अर्धा भाग शिक्षा भोगल्याचा, चुका केल्याचा, तोंडावर वाळू उडाल्याचा आहे. जिंकलेल्यांना ते कळायला वेळ नसतो.

परवा भाच्याशी वाद झाला, तो आता ड्रम शिकतोय म्हापशात. तो म्हणतो मामा, फोनवर पाहिजे तशी यादी करता येते, आणि तसंही देशोदेशी हा अल्बम वेगळाच होता. खरं आहे ते. अमेरिकेत त्याच वर्षी निघाला त्यात चौदाच गाणी होती, त्यात ‘अंडर प्रेशर’ होतं, सुरुवात ‘अनदर वन’ने, आणि ‘रॉक यू’, ‘चॅम्पियन्स’ मधेच कुठेतरी. मी त्याला ती यादी लावून दाखवली, मग माझी लावली, मधे ‘सेव्ह मी’नंतर मुद्दाम थांबलो, कॅसेट उलटायला लागते तेवढा वेळ. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, हे ठीक, पण ‘फ्लॅश’ कशाला, ते काढ, ते सिनेमाचं आहे, त्यात नुसते डायलॉग आहेत.

‘फ्लॅश’ मी काढणार नाही. ‘प्ले द गेम’ इतकं गोड आणि भरलेलं आहे की त्याच्यानंतर लगेच ‘सेव्हन सीज’ आलं तर दोन्ही एकमेकांत मिसळतील. मधे ती एकाच सुरावर ठोकत राहणारी धून, ओरडणारी माणसं, स्फोट, एखाद्या दशावतारात राक्षस यावा तसा गोंधळ, त्याने कान पुसला जातो आणि मग शेवटची तीन गाणी कोरी ऐकू येतात. भाच्याला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो ‘फ्लॅश’च्या जागी ‘अंडर प्रेशर’ घाल, बेस तर बघ त्याचा. बेस चांगलाच आहे. पण ते दोघांचं गाणं आहे, क्वीनबाहेरचा गायक डेव्हिड बोवी त्यात तेवढाच आहे, आणि या कॅसेटवर मला त्या चौघांशिवाय कोणी नकोय.